शांत रस्ता आणि भाडेपावती

दादर टी.टी.ला बसमधून उतरावे, पुलाखालची रहदारी कशीबशी ओलांडावी आणि पश्चिमेस हिंदू कॉलनीच्या किंवा पूर्वेस पारशी कॉलनीच्या एखाद्या गल्लीत शिरावे. शंभर पावले गेलो नाही तोच गोंगाट मागे पडतो. दुतर्फा जुनी झाडे, कुंपणाच्या आत थोडी मोकळी जागा आणि तिच्यामागे दोन-तीन मजली घरे. काही ठिकाणी त्या घरांच्या जागी आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तरी गल्लीची आखणी जुनीच आहे. दुपारी एखाद्या स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज रस्त्यावर ऐकू यावा इतकी शांतता. 'काय छान वस्ती आहे!' असे म्हणून आपण पुढे होतो.

आमचे आयुष्य कामगारांच्या सभांत आणि वाटाघाटींत गेले. पगाराचा हिशोब हाच आमचा मुख्य अभ्यास. पण पगार हाती आला की पहिला हात घालतो तो घरमालक, ही गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. पगारात पाचशे रुपयांची वाढ मिळवायला आम्ही वर्षभर झगडावे आणि त्याच महिन्यात घरभाडे हजाराने वाढावे, असे दोन-चार वेळा झाले तेव्हा आम्ही भाड्याच्या घराचा इतिहास वाचू लागलो. त्या वाचनाने आम्हांस जे शिकविले ते असे : शांत रस्ता आपोआप शांत होत नाही. तो कोणीतरी आखलेला असतो, त्यासाठी कोणीतरी उठविलेला असतो, आणि त्यावर साध्या पगारदाराला निर्धास्तपणे राहता यावे म्हणून दुसऱ्याच कुठल्या तरी रस्त्यावर लोकांनी पुष्कळ आरडाओरडा केलेला असतो. ही हकीकत दादर-माटुंग्याच्या निमित्ताने सांगावी, एवढाच आजचा हेतू.

आरंभ करावा लागतो तो १८९६ सालापासून. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि पाहता पाहता साथ शहरभर पसरली. लोक गावोगाव पळाले. प्लेगचे कारण त्या काळच्या अधिकाऱ्यांनी घरांत शोधले. कोंदट खोल्या, जिथे दिवसा दिवा लावावा लागतो अशा चाळी, दोन इमारतींमधल्या घाणेरड्या घळी. माणसांना राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या भिंतींवर 'यू.एच.एच.' ही तीन इंग्रजी अक्षरे रंगविण्यात आली. पिसू आणि उंदीर यांच्यामार्फत रोग पसरतो हे शास्त्र पुढे निश्चित झाले. पण तोवर शहराची रचनाच बदलण्याचा निर्णय झालेला होता.

१८९८ साली कायदा होऊन 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. त्याच्याकडे तीन कामे होती. दाट वस्तीत नवे रुंद रस्ते काढावयाचे, वाईट घरे पाडावयाची आणि शहराच्या उत्तरेस नव्या वस्त्या वसवावयाच्या. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट हे रस्ते त्यातूनच निघाले. उत्तरेकडे दादर, माटुंगा, शीव येथे त्या वेळी शेते, वाड्या आणि खाजण होते. ती जमीन ट्रस्टने ताब्यात घेतली आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात तेथे खऱ्या अर्थाने घरे उभी राहू लागली. तेव्हाच्या मुंबईकराच्या दृष्टीने दादर-माटुंगा हे उपनगरच. 'एवढ्या लांब कोण जाणार?' असे गिरगावातले लोक विचारीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ट्रस्टच्या पहिल्या दोन दशकांत पाडलेल्या खोल्या अधिक आणि गरिबांसाठी बांधलेल्या खोल्या कमी, असेच घडले. ज्यांच्या खोल्या पाडल्या ते हमाल, गिरणी कामगार, हातगाडीवाले दादरच्या नव्या गल्लीत राहावयास गेले नाहीत. जाणे त्यांना परवडणारेच नव्हते. ते शेजारच्या चाळीत आणखी दाटीने राहू लागले. म्हणजे ज्या घाणीच्या नावाने शांत वस्ती आखली गेली, त्या घाणीत राहणारा माणूस त्या वस्तीच्या वाट्याला आलाच नाही. यावर उपाय म्हणून १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सुटला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी झाल्या आणि खोल्या भरल्या सुमारे सोळा हजार. याच त्या बी.डी.डी. चाळी.

आता शांत गल्ली कशी आखली तेही पाहू, कारण त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ट्रस्टने रस्त्यांची उतरंड लावली. मोठे रस्ते रहदारीसाठी आणि दुकानांसाठी. आतल्या गल्ल्या राहण्यासाठी. प्लॉटच्या काही भागावरच बांधावयाचे, भोवती जागा सोडावयाची, तीन मजल्यांच्या वर जावयाचे नाही. उजेडासाठी तर एक गणिती नियमच होता. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईतील घरांतील उजेड आणि हवा या विषयावर व्याख्यान देऊन तो समजावून सांगितला. राहत्या खोलीला साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनातून आकाश मोकळे असले पाहिजे, असा हा नियम. साध्या भाषेत सांगावयाचे तर समोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निदान निम्मी मोकळी जागा मध्ये हवी. भिंत चाळीस फूट तर अंतर वीस फूट. या वीस फुटांत झाडे वाढली, हवा खेळू लागली आणि शेजाऱ्याचे भांडण आपल्या खोलीत येईनासे झाले. आज आपण जिला शांतता म्हणतो ती अशी फूटपट्टीने मोजून निर्माण केलेली आहे.

या गल्ल्यांत राहावयास आला तो मुख्यतः पगारदार वर्ग. सरकारी कचेऱ्यांतील, रेल्वेतील, पेढ्यांतील आणि विलायती कंपन्यांतील कारकून, शाळामास्तर, वकील, डॉक्टर. मराठी कुटुंबे आली, गुजराती आली, माटुंग्यास दक्षिणेकडील कुटुंबे फार मोठ्या संख्येने आली. ट्राम दादरपर्यंत येत होती. तिचे शेवटचे ठाणे ते दादर ट्राम टर्मिनस, म्हणजेच टी.टी. मुंबईतली ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली, नाव मात्र राहिले. बोरीबंदर ते कुर्ला या मार्गावर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेची गाडी धावली आणि पश्चिमेकडे १९२८ च्या जानेवारीत बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या. कचेरी दक्षिणेस आणि बिऱ्हाड उत्तरेस, ही आजच्या मुंबईची सवय त्या काळातली.

गिरगावच्या चाळीतून आलेल्या या मंडळींना येथे एक नवी वस्तू मिळाली. तिचे नाव 'ब्लॉक'. दोन-तीन खोल्या, स्वतःचे स्वयंपाकघर, आणि मुख्य म्हणजे दाराच्या आत संडास आणि नळ. आज याचे कौतुक वाटणार नाही. पण सकाळी सामायिक संडासापुढे टमरेल घेऊन रांगेत उभे राहिलेल्या माणसाला आणि पहाटे चारला उठून नळावर हंडा लावणाऱ्या बाईला विचारावे. अब्रूने राहणे म्हणजे काय, याचा अर्थ त्या एका दाराने बदलला. अशीही सनातनी माणसे होती की ज्यांना घरात संडास ही कल्पनाच विटाळाची वाटे. पण सोयीपुढे तो विटाळ फार दिवस टिकला नाही.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. या शांत गल्ल्यांतली बहुसंख्य कुटुंबे भाडेकरू होती. घर विकत घेणे ही त्या काळी पगारदाराची कल्पनाच नव्हती. ब्लॉक सुटा विकत मिळतही नसे. व्यवस्था अशी होती की जमीन ट्रस्टची. ती दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेऊन मालक इमारत बांधी. आणि तिच्यातले ब्लॉक भाड्याने देई. म्हणजे ज्याला आपण घरमालक म्हणतो तो स्वतःही जमिनीपुरता भाडेकरूच. १९३३ साली ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला, तेव्हा त्याच्या जमिनीही पालिकेकडे आल्या. गंमत अशी की ट्रस्ट मालकाला पिढ्यान्‌पिढ्यांचा पट्टा देत होता आणि मालक भाडेकरूला महिन्याच्या बोलीवर ठेवीत होता. खाली शंभर वर्षांचा विचार आणि वर तीस दिवसांचा! या तीस दिवसांचे पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी, या गल्लीचा दरवाजा कोणाला उघडा होता आणि कोणाला बंद, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे.

वस्त्यांची नावेच बोलकी आहेत. ट्रस्टमधील अभियंते मंचेरजी एदलजी जोशी यांनी प्रयत्न करून मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ प्लॉट राखून ठेवविले. त्यातून पारशी कॉलनी झाली आणि ती त्यांनी फार प्रेमाने वाढविली. पलीकडे हिंदू कॉलनी. आपल्या माणसांत राहावे ही इच्छा माणसाला असते, ती आम्ही नाकारीत नाही. आमच्या गिरणगावात तरी काय होते? एका चाळीत कोकणातले, दुसऱ्या चाळीत घाटावरचे. परंतु ज्याला कोणीच आपल्यात घेत नाही त्याचे काय, हा प्रश्न उरतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच एक अनुभव लिहून ठेवला आहे. अमेरिकेतून शिकून आल्यावर बडोदे संस्थानाच्या नोकरीसाठी ते बडोद्यास गेले. त्यांना कोणी जागा देईना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात दीड रुपया रोजाने राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर लोक आले आणि त्यांना तेथून घालवून दिले. एवढी मोठी विद्या, खिशात भाडे, दरबारची नोकरी; आणि राहावयास खोली नाही. मुंबईत त्यांची सुमारे वीस वर्षे गेली ती परळला, याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने बांधलेल्या चाळीत. १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले. घर बांधताना त्यांचा मोठा विचार होता तो ग्रंथांच्या जागेचा. शांततेची खरी भूक कोणाला होती हे त्या घराने सांगितले. आणि असेही सांगितले की त्यांना त्या गल्लीत शिरावयाचे तर स्वतःचे घर बांधूनच शिरावे लागले.

हा दरवाजा अजून पुरता उघडलेला नाही. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा नियम सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला. कायद्याची बाजू काहीही असो, घर पाहावयास गेलेल्या तरुणाला दलाल प्रथम आडनाव विचारतो, मग जेवणखाण विचारतो आणि भाडे परवडेल का हे सर्वांत शेवटी विचारतो, हे आमच्या सभासदांच्या तोंडून आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचे आता नवल वाटत नाही. लाज मात्र वाटते.

आता त्या तीस दिवसांकडे वळू. आणि त्यासाठी श्रोत्यांना दादरहून एकदम स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी न्यावे लागेल, कारण आपल्या भाडेकायद्याची मुळे तेथे आहेत. १९१५ सालची गोष्ट. महायुद्ध चालू होते. जहाजांच्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करण्यासाठी माणसांचे लोंढे ग्लासगोत आले, आणि घरमालकांनी भाडी वाढविली. पुरुष कारखान्यात किंवा लढाईवर. तेव्हा उठल्या त्या बायका. गोव्हन भागातील मेरी बार्बर यांच्या पुढारीपणाखाली त्यांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले. जप्तीचा माणूस गल्लीत आला की घंटा वाजवावयाची, साऱ्या बायकांनी जिन्यात गर्दी करावयाची आणि पिठाच्या पुड्यांनी त्याचे स्वागत करावयाचे, असा त्यांचा बेत असे. संपावरील बिऱ्हाडांची संख्या सुमारे वीस हजारांपर्यंत गेली. १७ नोव्हेंबर १९१५ रोजी काही भाडेकरूंना कोर्टात खेचले, तेव्हा कारखान्यांतील हजारो कामगार काम टाकून कोर्टापुढे जमले. युद्ध चालवणाऱ्या सरकारला हे परवडणारे नव्हते. ते वर्ष संपण्यापूर्वीच पार्लमेंटने कायदा करून लहान घरांची भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर बांधून टाकली.

मुंबईत युद्धामुळे तीच परिस्थिती होती. माणसे वाढली, बांधकाम थांबले, भाडी भडकली. १९१८ साली येथे भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला आणि त्याच्या नावातही विलायतेतल्यासारखाच 'युद्धकालीन निर्बंध' हा शब्द होता. तो पुढच्याच दशकात संपला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर १९३९ साली पुन्हा कायदा आला, १९४४ साली आणखी एक, आणि अखेर १९४७ चा प्रसिद्ध 'बॉम्बे रेंट अॅक्ट'. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला.

या कायद्याने केले काय? तीन गोष्टी केल्या. पहिली, १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण भाडे मानले. दुसरी, भाडेकरू ते भाडे देत आहे आणि देण्यास तयार आहे तोवर, कायद्यात सांगितलेल्या कारणांवाचून त्याला काढता येणार नाही, असे ठरविले. तिसरी, भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला जागा चालू राहील, अशी तरतूद केली. भाडेपावती हा कागदाचा कपटा घरातल्या दागिन्यांबरोबर ठेवला जाऊ लागला तो तेव्हापासून. महिन्याच्या बोलीवरचा माणूस तिच्या जोरावर पिढ्यांचा रहिवासी झाला. हिंदू कॉलनीच्या शांत ब्लॉकमध्ये बसलेल्या कारकुनाला ग्लासगोच्या त्या बायकांचे नाव ठाऊक नव्हते. त्यांच्या घंटेचा आवाज मात्र त्याच्या पावतीत होता.

कामगारांना या कायद्याचा केवढा आधार झाला, याचे एक उदाहरण आमच्या डोळ्यांदेखतचे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा शाळकरी पोर होतो. घरोघरी दागिने गेले, भांडी गेली, पोरांच्या शाळा सुटल्या. पण खोली गेली नाही. भाडे इतके थोडे की कोणी नातेवाईक ते भरू शके, कोणी गावाहून पाठवी. पगार बंद पडलेल्या माणसाच्या डोक्यावर छप्पर राहिले ते दयेमुळे राहिले नाही, कायद्यामुळे राहिले.

परंतु एकच बाजू सांगणे हे सभेच्या व्यासपीठावर शोभते, व्याख्यानमालेत शोभत नाही. भाडे १९४० च्या आकड्यावर थिजले. वीट, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी मात्र थिजली नाही. मालकाने दुरुस्ती सोडून दिली. जिने कुजले, गच्च्या गळू लागल्या, इमारती पडल्या आणि माणसे मेली. १९६९ साली सरकारला इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा करावा लागला, आणि मुंबई बेटावरच्या एकोणीस हजारांहून अधिक जुन्या इमारती उपकर घेऊन त्या मंडळाखाली आल्या. दुसरीकडे पागडी बोकाळली. कायद्याने पागडी घेणे हा गुन्हा होता. व्यवहारात तीच किल्ली होती. पागडी देऊ शकणारा आत गेला, नुसता पगारदार बाहेर राहिला. आत असलेल्याला संरक्षण आणि बाहेर असलेल्याला दरवाजा बंद, अशी ही स्थिती. आमच्या चळवळीने आतल्या माणसाची बाजू जोराने मांडली; बाहेरच्या माणसाचा विचार करावा तितका केला नाही. हा दोष आम्ही आमच्या पदरी घेतो. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, थिजलेल्या भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत, असे म्हटले. त्यात तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही.

मालकाने भाड्यासाठी बांधणेच सोडले आणि ब्लॉक विकण्याचा धंदा सुरू झाला. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३ चा मालकी फ्लॅटचा कायदा यांनी त्याला चौकट दिली. येथे एक विसरलेली वाट आठवते. १९१५ साली गावदेवीस सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. तिच्यामागे रावबहादूर तलमकी होते. मुंबईतली ही पहिली अशी संस्था. तिची पद्धत अशी की इमारत साऱ्या संस्थेची आणि प्रत्येक सभासद त्या संस्थेचाच भाडेकरू. मालकही आपणच, भाडेकरूही आपणच. तीही एका ज्ञातीपुरतीच होती, हे खरे. पण ती पद्धत ज्ञातीची वेस ओलांडून वाढली असती तर मालक आणि भाडेकरू यांच्यातले पाऊण शतकाचे भांडण पुष्कळसे मिटले असते, असे आम्हांस वाटते. तसे झाले नाही. सहकार हा शब्द राहिला आणि त्याच्या आत सुट्या मालकीचे फ्लॅट भरले.

आता आजच्या भाडेकरूकडे येऊ. कायदा टाळण्यासाठी मालकांनी 'भाडेकरू' हा शब्दच टाळला आणि 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे परवानगीने राहण्याचा करार काढला. १९७३ साली कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर जागेत असलेल्या परवानाधारकांना भाडेकरू मानण्यात आले. त्या तारखेनंतर आलेल्यांना ते कवच नाही. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूचे संरक्षण राहिले, त्याच्या भाड्यात दर साल शेकडा चार वाढ करण्याची मुभा मालकाला मिळाली. परवान्यावरच्या माणसासाठी मात्र वेगळा रस्ता. मुदत संपली की जागा सोडावयाची. न सोडली तर दुप्पट रक्कम. आणि दाद मागावयाची ती नेहमीच्या कोर्टात नव्हे, सक्षम प्राधिकाऱ्यापुढे.

अकरा महिने हा आकडा कोठून आला, असे पुष्कळजण विचारतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ते टाळण्यासाठी अकरा महिने. महाराष्ट्रात २००० पासून असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदलेला असला पाहिजे असा नियम आहे, म्हणजे ते कारण केव्हाच गेले. सवय मात्र राहिली, कारण ती मालकाच्या सोयीची आहे. सरकारी आर्थिक पाहणीत दिलेले आकडे असे की भारतातील शहरांत १९६१ साली शेकडा ५४ कुटुंबे भाड्याने राहत होती, ती २०११ साली शेकडा २८ वर आली. भाड्याची घरे कमी झाली आणि जी उरली त्यांत राहणे तात्पुरते झाले.

आमच्या सभासदांत एक परिचारिका बाई आहेत. रात्रपाळी करणाऱ्या माणसाला दिवसा झोप लागावी म्हणून शांत रस्त्यावर घर घ्यावे, अशी त्यांची एवढीच अपेक्षा. तशा रस्त्यावर त्या सहा वर्षांत चार घरांत राहिल्या. कोणी वाईट वागले नाही. एका मालकाचा मुलगा परत आला, एकाने घर विकले, एकाने भाडे इतके वाढविले की विचारावयासच नको. प्रत्येक वेळी दलाली, प्रत्येक वेळी अनामत, प्रत्येक वेळी गॅसचा पत्ता, मतदार यादी आणि मुलीच्या रिक्षावाल्याची शोधाशोध. एकदा त्या म्हणाल्या, "भाऊ, रस्ता शांत आहे हो, पण दहावा महिना लागला की मला झोप येत नाही." आम्ही या विषयावर वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत हे वाक्य कोठे सापडले नाही.

मग करावे काय? १९४० चे भाडे परत आणा, असे आम्ही म्हणत नाही; ते येणार नाही आणि येऊही नये. २०२१ साली केंद्र सरकारने आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांपुढे ठेवला. त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरतीच असावी, ही गोष्ट चांगली आहे. परंतु भाडे आणि मुदत करारावर सोडली आहे, आणि गरजू आणि धनी यांच्यातला करार कसा होतो हे कामगार चळवळीत वाढलेल्या माणसाला सांगावयास नको. आमचे मागणे थोडके आहे. मुदत वर्षांची असावी, महिन्यांची नको. भाडेवाढ व्हावी, पण ठरलेल्या मापाने व्हावी, म्हणजे मालकाची गच्चीही दुरुस्त होईल आणि भाडेकरूचा पगारही पुरेल. काढावयाचे तर कारण सांगून काढावे. आणि दारात आडनाव विचारू नये. यासाठी आतला भाडेकरू आणि बाहेरचा भाडेकरू एकत्र आले पाहिजेत. पावतीवाला आणि परवानेवाला यांची एक संघटना झाली पाहिजे. आमच्या पिढीकडून जे राहिले ते हेच.

उजेडासाठी साडेत्रेसष्ट अंश मोजणारे लोक या शहरात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेले. ज्या खोलीत तो उजेड पडतो त्या खोलीत माणसाने किती दिवस राहावे, याचेही एखादे माप ठरविणे आपल्याला अशक्य नसावे. ग्लासगोच्या बायकांजवळ घंटा होत्या आणि पिठाच्या पुड्या होत्या. आपल्याजवळ मत आहे, सभा आहे, आणि ही व्याख्यानमाला आहे. येथून घरी जाताना आपल्या गल्लीत, आपल्याच जिन्यावर, कोणाचा दहावा महिना चालू आहे याची प्रत्येकाने एकदा विचारपूस करावी, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.